आर्लिसबाईंचा जानेवारीतला नाताळ

सकाळी सात वाजता आर्लिस हॉगन गराजमध्ये गेली, सहलीला नेतात ती थर्माकोलची पेटी उघडली, टर्कीला बोट लावलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. टर्की दगड! नुसती गोठलेली नाही, चार दिवसांपूर्वी ठेवली तेव्हा होती त्याहूनही कडक. बोटानं जमेना म्हणून तिनं मुठीनं ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला.

"अगं बाई, हे काय झालं!" ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

आता डुलुथसारख्या बर्फाळ गावात जानेवारीत गराजमध्ये टर्की वितळायला ठेवणारी बाई कोण असेल, असं कोणीही म्हणेल. पण गॉर्डी, म्हणजे आर्लिसचा नवरा, नाताळची टर्की चाळीस वर्षं तिथंच ठेवायचा. त्याच पेटीत, त्याच कोपऱ्यात. चौथ्या दिवशी टर्की छान मऊ होऊन स्वयंपाकघरात यायची. गॉर्डी गेल्या एप्रिलमध्ये गेला. पेटी होती, कोपरा होता, म्हणून आर्लिसनं तसंच केलं. त्यात परवापासून पारा शून्याच्या खाली वीसवर गेलेला.

हॉगनांच्या घरी नाताळ दोनदा होतो. पहिला सगळ्यांसारखा डिसेंबरात. दुसरा कर्टचा. कर्ट तिचा मुलगा, मोठ्या सरोवरांवर लोहखनिज वाहणाऱ्या जहाजावर काम करतो. मार्चमध्ये जातो तो जानेवारीच्या मध्यावर परततो, सरोवरांमधल्या कालव्याचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद झाले की. नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग पाण्यावर, नाताळ पाण्यावर. म्हणून तो आला की त्याच्यासाठी पुन्हा टर्की, पुन्हा सगळं. नाताळचं झाडही तोवर हलत नाही. पंधरा जानेवारीपर्यंत त्याच्या निम्म्या सुया गालिच्यावर असतात आणि शेजारीपाजारी हसतात. हसोत बापडे.

पैशाचं म्हणाल तर पेन्शन जेमतेम. तरी दुसऱ्या नाताळाच्या खर्चाचं आर्लिसला कधी ओझं वाटलं नाही. एकतीस वर्षं शाळेच्या भोजनगृहात काढलेली बाई ती, चारशे पोरांना सरकारी तुटपुंज्या पैशात जेवू घातलेलं. थँक्सगिव्हिंग संपल्यावर दुकानं उरलेल्या टर्क्या मातीमोल भावानं विकतात, तेव्हा तिनं बारा पौंडांची एक उचलली होती. ऑक्टोबरपासून प्रत्येक पावाची कडेची कापं पिशवीत जमा होत होती, टर्कीच्या पोटात भरायच्या सारणासाठी. पहिली टर्की मुलीनं ताजीच आणली होती, तिच्या हाडांचं पाणी आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत गोठवलेलं. बटाटे शेजारच्या तोइवोनं दिलेले. विकत आणायचं राहिलं होतं लोणी आणि क्रॅनबेरीचा एक डबा. बस.

खरी भानगड होती रोंडाची. रोंडा, थोरली मुलगी, दातांच्या दवाखान्यात नोकरी करते, गावाबाहेर नव्या घरात एकटी राहते. नाताळच्या दिवशी तिनं भांडी पुसता पुसता विषय काढला होता.

"आई, तुझे गुडघे बघ. एकाच महिन्यात दोनदा हा घाट कशाला? पुढच्या वर्षीपासून नाताळ एकदाच, माझ्याकडे."

"आणि कर्ट?"

"कर्ट आला की पिझ्झा मागवू. त्याला काय, तो काहीही खातो."

"दहा महिन्यांनी घरी येणाऱ्या पोराला पिझ्झा? तुझ्या बापानं ऐकलं असतं तर!"

बरीच खडाजंगी झाली. शेवटी ठरलं की यंदा आर्लिसनं एकटीनं सगळं नीट केलं, वेळेवर, तर रोंडा पुन्हा ब्र काढणार नाही. नाही जमलं तर दुसरा नाताळ बंद. "टर्की तरी माझ्या फ्रिजात ठेव, तुझ्या त्या डबड्यात जागा नाही," असंही रोंडा म्हणाली होती. त्यावर आर्लिस फणकारली, "माझी टर्की माझी मी बघीन."

आणि आज जेवण एक वाजता. एकतीस वर्षांत एकदाही आर्लिसचं ताट उशिरा लागलेलं नव्हतं, ही गोष्ट ती भेटेल त्याला सांगायची.

तिनं टर्की छातीशी धरली आणि अंगणातून घरात निघाली. पलीकडे तोइवो बर्फ ओढत होता. सत्तरीचा फिनलंडी विधुर, बोलतो कमी आणि बोलतो तेव्हा नको ते.

"काय गं, बाळाला फिरायला नेतेस?"

"गप बस. गोठलीय."

तोइवोनं फावडं टेकवलं. "माझ्याकडे हरणं कापायची करवत आहे. दोन मिनिटांत तुकडे."

"करवत घेऊन माझ्या दारात पाऊल टाकलंस तर बघ!"

"मग माझ्या सॉनात, त्या वाफेच्या खोलीत ठेव. नव्वद अंश आहे."

"आणि सगळ्यांना दवाखान्यात घाल! चारशे पोरं जेवत होती माझ्या हातची, एकाचंही पोट बिघडलं नाही. थंड पाणीच लागतं त्याला. थंड!"

थंड पाण्यात पौंडाला अर्धा तास, म्हणजे सहा तास. दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं. सिंकमध्ये टर्की मावेना, म्हणून ती गेली न्हाणीघरातल्या टबात. आर्लिसनं हिशेब केला आणि मटकन टबाच्या काठावर बसली. सहा तासांनी वाजणार एक. त्यानंतर तीन तास भट्टीत, वर कापण्याआधी टर्कीला थोडी विश्रांती. पाच तरी वाजणार. रोंडाला फोन करावा का? हात फोनपर्यंत गेला आणि परत आला. फोन केला म्हणजे हरलेच. तिला एकदम गॉर्डीची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. मेला आपण निघून गेला आणि टर्की कशी वितळवायची तेसुद्धा सांगून गेला नाही.

मग तिनं नाक पुसलं आणि बटाटे सोलायला घेतले.

अकराला कर्ट आला. दाढी वाढलेली, खांद्यावर मळक्या कपड्यांची थैली. आईला त्यानं उचललंच. "झाड आहे ना अजून?" त्यानं पहिलं विचारलं. सुया झडलेलं, काटकुळं झाड बघून तो असा खूश झाला की आर्लिसचं काळीज सुपाएवढं झालं.

"आधी मस्त गरम पाण्यात तासभर पडतो," म्हणत तो न्हाणीघराकडे वळला.

"थांब, थांब!"

उशीर झाला होता. आतून आवाज आला, "आई, टबात कोण आहे?"

आर्लिसनं सगळं सांगितलं. कर्ट हसून हसून भिंतीला टेकला. शेवटी टॉवेल खांद्यावर टाकून तोइवोच्या सॉनात आंघोळीला गेला. जाताना टबातलं पाणी बदलून गेला.

साडेबाराला रोंडा आली. घरात भाजलेल्या टर्कीचा वास नाही, हे तिच्या नाकानं दारातच टिपलं. ती हात धुवायला गेली. मग न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली, हात कमरेवर.

"आई."

"पाच वाजतील," आर्लिस म्हणाली. आता लपवून काय उपयोग. "गराजमध्ये ठेवली होती. गोठली."

"गराजमध्ये? या थंडीत?"

"तुझा बाप ठेवायचा! चाळीस वर्षं ठेवायचा, कधी काही झालं नाही!"

एवढ्यात कर्ट लालबुंद चेहऱ्यानं सॉनातून परतला. बहिणीला मिठी मारता मारता त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं.

"पण पाण्याची बाटली ठेवली होतीस ना पेटीत?"

"कसली बाटली?"

"कोमट पाण्याची. बाबा ठेवायचे ना. सकाळ-संध्याकाळ बदलायचे, आणि फारच थंडी असली तर पहाटेही उठायचे. मी लहानपणी कितीदा बाटली धरून उभा राहायचो. पेटी म्हणजे थंडी आत येऊ नये म्हणून. तुला ठाऊक नव्हतं?"

आर्लिस खुर्चीत बसली. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की दर हिवाळ्यात टर्कीच्या दिवसांत नवरा सारखा गराजमध्ये जातो. आणि तो परत आला की ती म्हणायची, ओढून आलास ना सिगारेट? डॉक्टरनं सांगितलेलं डोक्यात शिरत नाही ना? तो बापडा खांदे उडवायचा आणि बूट काढायचा.

"चाळीस वर्षं मी त्या माणसाला सिगारेटवरून बोलले," ती म्हणाली.

कर्ट तिच्या शेजारी वाकला. "आई, ओढायचेही गं. बाटली माझ्या हातात द्यायचे आणि ओढायचे."

मग आर्लिसला हसू फुटलं, रडत रडतच. रोंडालाही फुटलं. तिनं कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "पाणी किती वाजता बदलायचंय?"

एरवी रोंडा एकला येणार, जेवणार, तीनला निघणार. आज तिनं दोनदा टबातलं पाणी बदललं, पावाच्या कडा कुस्करल्या, कांदा चिरला. कर्टनं जहाजावरच्या आचाऱ्याची नक्कल केली. तो आचारी थँक्सगिव्हिंगला टर्कीऐवजी हॅम वाढून "टर्कीचे पंख गळालेत" म्हणाला होता. तोइवो बटाट्याची पोळी घेऊन आला आणि कोणी बस म्हणायच्या आत बसला. "करवत आणू का?" असं त्यानं दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा त्याला लाटणं दाखवण्यात आलं.

टर्की पावणेसहाला टेबलावर आली. वरून खरपूस, आतून रसाळ. उशीर सोडला तर नाव ठेवायला जागा नव्हती. कर्टनं तीनदा घेतली. तिसऱ्यांदा घेताना तो म्हणाला, "नोव्हेंबरपासून मी या ताटाचा विचार करतोय, खोटं नाही सांगत." तो हे आईकडे बघून बोलला, पण ऐकलं रोंडानं.

आर्लिसला मात्र घास गोड लागेना. पैज पैज असते. वेळेवर ठरलं होतं, वेळेवर झालं नव्हतं. रोंडानं अजून विषय काढला नव्हता, एवढंच.

जेवणं झाली, भांडी झाली. रोंडानं कोट चढवला, गराजमध्ये गेली आणि ती जुनी पेटी काखेत मारून बाहेर आली. आर्लिस दारात उभी होती.

"ती कुठे नेतेस?"

"माझ्याकडे. नोव्हेंबरात टर्की स्वस्त झाली की मला फोन कर, मी नेईन. जानेवारीत चार दिवस आधी माझ्या फ्रिजात वितळेल, आणि हिच्यातून इथे आणीन." रोंडानं पेटी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा बांधला. "रांधायचं तू. मला तुझ्यासारखं सारण जमत नाही."

थंडीत येतं तसं आर्लिसच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एकला," ती शेवटी ओरडली, गाडी निघता निघता. "लक्षात ठेव, जेवण एकला!"