आपण आणि आम्ही

मास्तरीणबाईंना त्या कॉम्प्युटरचा पहिल्यापासून संशय होता. परभाषिकांना मराठी शिकवणारा हा प्रोग्राम एकदा आपल्या हाताखाली शिकून तयार झाला, की आपल्याच अन्नात माती कालवणार! "बाई, हे आपलं काम आहे," असं साहेब येता-जाता म्हणायचे. मेला गोडबोल्या, असं बाई मनात म्हणायच्या.

प्रोग्राम अडायचा तो एकाच ठिकाणी. 'आपण' म्हणजे समोरच्याला धरून आणि 'आम्ही' म्हणजे त्याला वगळून, हे त्याच्या गळी उतरवताना बाईंच्या नाकी नऊ आले. अखेर तो चुकेनासा झाला.

त्याच दिवशी साहेब हसत आले. "बाई, पुढचं आता आम्ही बघू."

तेवढ्यात पडद्यावर प्रोग्रामचा प्रश्न उमटला, "बाई, उद्या आपण कोणता धडा घ्यायचा?"

"चूक!" म्हणत बाईंनी पर्स उचलली.