नरसाक्काचे जॅकेट

नरसाक्काच्या हातात कोणतीही शिवलेली वस्तू आली की ती आधी उलटी करायची. ब्लाउज असो, पिशवी असो, नाहीतर कुणाच्या बाळाचे टोपडे. बाहेरच्या रंगाकडे ती बघायचीच नाही. आतली शिवण अंगठ्याने ताणायची, दोऱ्याचे टोक बघायची आणि मग निकाल सांगायची. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून मी मैंदर्गीहून सोलापुरात आले आणि पूर्व भागातल्या तिच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. त्या पहिल्याच दिवशी तिने माझी नवी कोरी बॅग उलटी केली आणि म्हणाली, "पिल्ला, ही दिवाळी बघणार नाही." तेलुगूत पिल्ला म्हणजे पोरगी. मला मनातून राग आला. बॅगेचा बंद दसऱ्यालाच तुटला. तसे सांगायला गेले, तर ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "अंदाज चुकला की माझा. वीस दिवसांचा फरक पडला." मग दुहेरी दोरा ओवून तिने तो बंद असा शिवून दिला की पुढची चार वर्षे बॅगेचे बाकी सगळे फाटले, बंद तेवढा राहिला.

ती टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होती. दिवसभर टॉवेल डोळ्यांखालून जायचे; सुटलेला धागा, वाकडा काठ तिला लांबूनच दिसायचा. पाळीच्या वेळा गैरसोयीच्या, म्हणून पन्नाशीला आल्यावर तिने मोटारसायकल घ्यायचे ठरवले. पण गाडीच्या दोन महिने आधी तिने जॅकेट घेतले. लाल-काळे, जाड चामड्याचे, मानेखाली पाठीवर उंचवटा असलेले, शर्यतीतले लोक घालतात तसले. दोन महिने ते नुसते खोलीत टांगलेले होते. तिचे यजमान सायकलवर खूश असणारे गृहस्थ. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे लगाम आलाय, घोडा यायचाय."

घोडा आला आणि नरसाक्का भर एप्रिलमध्ये, सोलापूरच्या त्या उन्हात, साडीऐवजी पंजाबी ड्रेस आणि त्यावर ते जॅकेट घालून कारखान्यात जाऊ लागली. गल्ली हसली. कुणीतरी तिला 'रॉकेट आक्का' नाव ठेवले. शेजारणीने विचारले, "आक्का, उकडत नाही का गं?"

"उकडतं की. लई उकडतं. पण घाम पुसता येतो. कातडं सोललं तर दुसरं कुठनं आणू?"

मला गाडी तिनेच शिकवली, रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात. लायसन्सही काढायला लावले. तेव्हा ते कशाला हवे, हे मला कळत नव्हते. शेवटच्या वर्षानंतर कळले. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत मला नोकरी मिळाली. पहिले काही महिने सोलापुरात शिकायचे, मग देतील त्या भागात जायचे. शेतावर जाऊन फिल्टर, पंप, नळ्या तपासायच्या. अट एकच होती, स्वतःची मोटारसायकल हवी.

आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कुणी गेले नव्हते. माझ्या अप्पांची मैंदर्गीत पिठाची गिरणी आहे. डिग्रीचा कागद त्यांनी काचेत बसवून गिरणीत लावला होता आणि दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यावरचे पीठ पुसून दाखवत होते. पण गाडीचे नाव काढताच ते म्हणाले, "ब्याड अंद्र ब्याड." अप्पा कानडीत बोलले म्हणजे नको म्हणजे नकोच. त्यांच्या पुतण्याची गाडी हायवेवर घसरली होती. तो वाचला, पण त्याचा हात कोपरात पुन्हा सरळ झाला नाही. "नोकरी दुसरी मिळंल महादेवी. हात न्हाय मिळत."

मी खोलीवर येऊन रडले. नरसाक्काने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "अप्पांना घेऊन ये. गाडीचं नंतर. आधी जॅकेट बघू."

सात रस्त्याजवळच्या दुकानात विक्रेत्याने पहिल्यांदा एक मऊ, चकचकीत जॅकेट काढले. अप्पांनी त्यावर हात फिरवला. "लोण्यासारखं हाय की!"

नरसाक्काने ते उलटे केले. आत खांद्याला, कोपराला पॅड बसवायची सोयच नव्हती आणि शिवण एकेरी. "हे लग्नात घालायचं," ती विक्रेत्याला म्हणाली. "आमची पोरगी रस्त्यानं जाणार आहे. दुसरं काढा."

मग रेसिंगचे जॅकेट आले. चामडे जाड, शिवणीवर शिवण, खांद्याला, कोपराला आणि पाठीला पॅड, छातीवर हवा खेळायला बारीक भोके, मनगटाला चेन. मी ते घालून आरशासमोर उभी राहिले. बाह्या आपोआप पुढे वाकलेल्या, पाठ ओढलेली. मी कुस्तीला निघाल्यासारखी दिसत होते.

"लई घट्ट हुतंय," अप्पा म्हणाले. "एक नंबर मोठं द्या. पोरगी अजून भरंल अंगानं."

हे मला पाठ होते. गणवेश, चपला, स्वेटर, आमच्या घरात सगळे एक नंबर मोठेच यायचे. सातवीतला स्वेटर मी बारावीपर्यंत वापरला आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नरसाक्कानेही वाद घातला नाही. "द्या मोठं," म्हणाली. मी मोठे घातले आणि मला खरोखर बरे वाटले. मग तिने मला एका स्टुलावर घोड्यावर बसावे तसे बसवले, पुढे वाकून काउंटरची कड हँडलसारखी धरायला लावली.

"अप्पा, हिच्या कोपरावरचा पॅड धरा आणि फिरवा."

अप्पांनी बिचकत धरला. बाही गोल फिरली आणि पॅड कोपराच्या आतल्या बाजूला आला.

"आता ही पडली तर कोपर कुठं, पॅड कुठं?"

मग मी पुन्हा घट्ट जॅकेट घालून तशीच बसले. आरशात वाकडी दिसणारी बाही आता हातावर नीट बसली होती, पाठही ओढत नव्हती. अप्पांनी जोर लावला तरी पॅड हलेना.

"हे उभं राहून बघायचं कापडच नाही," नरसाक्का म्हणाली. "बसून बघायचं. फक्त गळा आवळायला नको आणि श्वास पुरता घेता आला पाहिजे."

अप्पांनी तो पॅड पुन्हा एकदा दाबून पाहिला. "पट्टा ढिला आसला की चाकावरनं उतरतोय," ते हळूच म्हणाले. "गिरणीचं बी आसंच हाय."

"हौ! मग तुम्हाला मी काय शिकवू?"

मग तिने स्वतःचे जॅकेट काढले आणि डाव्या बाहीचे कोपर त्यांच्या हातात दिले. तिथला लाल रंग उडून चामडे खरवडले गेले होते. "होटगी रोडला खडीवरनं घसरले होते. ही जागा माझ्या कोपराची होती, अप्पा."

अप्पांचा अंगठा त्या खरवडलेल्या जागेवरून कितीतरी वेळ फिरत होता. शेवटी ते म्हणाले, "जॅकेट हाय तवर गाडी. जॅकेट न्हाय तर गाडी न्हाय, नोकरीबी न्हाय." विक्रेत्याला वाटले हे त्यालाच सांगताहेत. तो घाबरून म्हणाला, "हो काका."

जॅकेटपाठोपाठ माझी गाडीही आली आणि नरसाक्काने मला जॅकेट सांभाळायला शिकवले. घरी आल्यावर ओलसर फडक्याने त्यावरची धूळ आणि किडे पुसायचे. घडी घालायची नाही. रुंद हँगरला कारखान्यातला बाद टॉवेल गुंडाळायचा आणि त्यावर टांगायचे, म्हणजे खांदे मोडत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाही, बुरशी येते. भिजले तर पंख्याखाली, उन्हात कधीच नाही. वर्षातून दोनदा चामड्याचे क्रीम, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढे. "चपातीला तेल लावतो तेवढंबी नको. त्याची तहान भागवायची, त्याला आंघोळ नाही घालायची." रविवारी ती न सांगता जिना चढून यायची, "चेकिंग!" म्हणून ओरडायची आणि माझे जॅकेट उलटे करायची. परीक्षेत मी कधी एवढी घाबरले नव्हते.

दिवाळीच्या आधी कंपनीचे पत्र आले. उजनीकाठच्या गावांचा भाग मला मिळाला होता. राहायचे टेंभुर्णीत, दिवाळीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचे. मी आनंदाने मैंदर्गीला गेले. जॅकेट पडवीत टांगले आणि अव्वाबरोबर, म्हणजे आईबरोबर, चकल्यांना बसले.

अप्पांच्या मनात काय आले, ते मी समजू शकते. गिरणीचा जुना चामडी पट्टा त्यांनी वर्षानुवर्षे एरंडेल पाजून जपला होता. लेकीचे जॅकेट त्याहून मोलाचे. तेव्हा त्यांनी वाटीभर एरंडेल घेतले, सगळे जॅकेट आतून-बाहेरून चोळून काढले आणि तेल मुरावे म्हणून गच्चीवर उन्हात पसरले. मला कळले तेव्हा ते काळपट, जड आणि चिकट झाले होते. बोट लावले की बोटाला तेल. त्यावर गल्लीतली धूळ आणि गिरणीतले पीठ बसलेले.

"चामड्याला तेल लावत्यात की," अप्पा पुटपुटले.

"तेल लावाय ते काय तुमचं डोकं हाय व्हय?" अव्वा म्हणाली.

अप्पा पायरीवर बसले. "मीच घालवलं. आता कशी जायाची गं तू?" अट त्यांचीच होती आणि ती मोडल्याचे सगळ्यात जास्त दुःख त्यांनाच झाले होते. पण अट मागे घेतो, असे काही ते म्हणाले नाहीत. सोमवार सहा दिवसांवर आला होता.

मी नरसाक्काला फोन केला. ती म्हणाली, "आधी सावलीत घे. रड नंतर. फोन अप्पांना दे."

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"अप्पा, गिरणीत मका दळता का?"

"दळतो की."

"मग अगदी बारीक दळा. जॅकेटवर जाड थर द्या आणि दिवसभर ठेवा. पीठ तेल पिऊन घेतं. संध्याकाळी मऊ ब्रशनं झाडा आणि पुन्हा नवीन पीठ. पितंय तोवर पाजा. आणि लाज वाटून घेऊ नका, मी माझं पहिल्या वर्षी साबणाच्या पाण्यात बुडवलं होतं. टॉवेल समजून!"

अप्पा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. त्यांनी दुसऱ्या दळणाला हातसुद्धा न लावता मका दळला. तीन दिवस माझे जॅकेट बाजेवर पिठाखाली झोपले होते. अप्पा तासातासाला जाऊन पीठ चिमटीत धरून बघायचे. पिवळे पीठ काळपट झाले की त्यांना समाधान वाटायचे. शेजारचे लोक विचारायचे, "काय वाळत घातलंय?" अप्पा सांगायचे, "पोरगीची नोकरी."

चौथ्या दिवशी नरसाक्का स्वतः गाडीवरून मैंदर्गीला आली. अर्धी गल्ली बघायला बाहेर पडली. चहाला नको म्हणून ती सरळ बाजेपाशी गेली, जॅकेट उलटे केले, शिवणी ताणल्या, पॅड चाचपले, भोकांत अडकलेले पीठ काडीने काढले. अप्पा हात मागे बांधून शाळेतल्या मुलासारखे उभे होते.

"रंग गेला," ती म्हणाली. "काम नाही गेलं. पास!"

"पास?" अप्पांनी विचारले.

"पास. पण अप्पा, खरं सांगा. नापास झालं असतं तर पोरीला घरी बसवलं असतं?"

अप्पांनी मागे बांधलेले हात सोडले आणि जॅकेट स्वतःकडे घेतले. मग म्हणाले, "दुसरं घेतलं आसतं. तेबी उलटं करून."

सोमवारी सकाळी मी माझ्या गाडीवरून सोलापूरहून टेंभुर्णीला निघाले, सोबतीला नरसाक्का तिच्या गाडीवर. अप्पा एसटीने मागून येणार होते. नरसाक्काने त्यांच्या हातात दुसरे हेल्मेट दिले आणि म्हणाली, "एसटी कशाला? बसा मागं." मोहोळपर्यंत अप्पा गाडीची मागची दांडी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसले होते. मोहोळला चहा झाल्यावर नरसाक्का मला म्हणाली, "आता तू पुढं हो. आम्ही येतो मागनं." रस्ता सरळ होता, सकाळ थंड होती. मी पुढे गेले. थोड्या वेळाने आरशात बघितले तर ती दोघे दिसेनाशी झाली होती.

टेंभुर्णीत ती दोघे चांगला पाऊण तास उशिरा पोहोचली. अप्पा खोलीच्या खिडक्यांच्या कड्या तपासायला आत गेले, तेव्हा मी नरसाक्काला विचारले, "एवढा वेळ? काही झालं का?"

"काही नाही," ती हेल्मेट काढत म्हणाली. "तू दिसेनाशी झालीस आणि तुझे अप्पा मागनं माझ्या खांद्यावर थापट्या मारायला लागले. म्हणे, 'ताई, जरा जोरात घ्या की, पोरगी लांब गेली!'"

"मग तू काय केलंस?"

"मी गाडी हळू केली," नरसाक्का म्हणाली.