सोनाबाईंच्या उपवासाचं रक्त

चाकणला भटकायला जावं असं तिथे काय आहे, हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. किल्ला आहे, पण तो तासाभरात बघून होतो. माझी तिथली सगळ्यात मोठी सहल साल एकोणऐंशीच्या आसपासची, आणि तिचं कारण होतं डास.

माझी चुलत बहीण विमलताई मुंबईत एका प्रयोगशाळेत हिवतापाच्या लशीवर काम करायची. आमच्या पिंपरीच्या चाळीतून डॉक्टरेटपर्यंत पोचलेली ती पहिलीच. माणूस तपासणारी डॉक्टर ती नव्हे, हे काकूला शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारच्या बायका गुडघे दाखवायला यायच्या आणि ताई बिचारी तेही बघायची. आधी तिने कोंबडीच्या पिलांच्या हिवतापावर काम केलं, मग उंदरांच्या. मग परदेशात कुणाला तरी माणसाच्या हिवतापाचे जंतू बाटलीत वाढवायला जमलं आणि ताईची झोप उडाली. लस करायची तर जंतू हाताशी हवेत, भरपूर आणि जिवंत. ती रक्त बशीत घालायची, बशी काचेच्या बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवून झाकण लावायची. मेणबत्ती विझली की उरलेली हवा जंतूंना मानवते म्हणे. पण ताईच्या बरणीत दोन-तीन दिवसांवर काही टिकत नव्हतं. शेवटी तिच्या साहेबांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत काही वाढलं नाही तर तुमचं टेबल आणि बरण्या ठेवायचं उबेचं कपाट दुसऱ्याला.

त्या पावसाळ्यानंतर चाकण-तळेगावकडे थंडीतापाची साथ जोरात होती. आमच्या कंपनीत निम्मी शिफ्ट त्या गावांतली, खाडे पडायला लागले तसं मी ताईला पत्रात सहज लिहिलं. चौथ्या दिवशी ती थर्मास घेऊन दारात हजर! मी शिफ्ट बदलून घेतली, मित्राची फटफटी मागितली आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस. भोसरी ओलांडली की तेव्हा रस्ता मोकळा व्हायचा. मोशीला इंद्रायणीचा पूल, मग दोन्ही बाजूंना भुईमूग आणि नुकतीच पेरलेली ज्वारी. आज जाणार असाल तर सकाळी सातच्या आत चाकणचा चौक पार करा, नाहीतर कंटेनरच्या मागे उभं राहून नाश्त्याची वेळ जेवणावर जाते. तेव्हा तिथे फक्त कांद्याच्या बैलगाड्या आडव्या यायच्या. स्टँडसमोर मिसळ खाल्ली, दीड रुपयात दोघांची पोटं भरली. ताईने ताटलीतला रस्सा वाटीने प्यायला आणि बर्फवाल्याशी हुज्जत घालून थर्मास भरून घेतला.

मलेरिया खात्याचे शिंदे आम्हाला तिथेच भेटले. पंधरवड्याला घरोघर फिरायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर तारीख लिहायची, हे त्यांचं काम. त्यांच्या सायकलमागून आम्ही तळेगाव रस्त्यावरच्या एका गावात शिरलो.

ताईचा बेत साधा होता. तापकऱ्यांच्या काचा घ्यायच्या, सकाळी तळेगावच्या दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, ज्याच्या रक्तात हवे ते जंतू भरपूर असतील त्याचं नळीभर रक्त घ्यायचं. अडचण गोळीची होती. गोळी पोटात गेली की जंतू मरायला लागतात.

शिंदे म्हणाले, "मॅडम, गोळ्या उद्या देतो की. एका रात्रीनं काय व्हतंय?"

"नाही," ताई म्हणाली. "काच घेतली की लगेच गोळी. पहिल्या गोळीनंतर एखादा दिवस जंतू तग धरतात. तेवढ्यात जमलं तर जमलं."

दिवसभरात एकतीस काचा झाल्या. एका घरी आम्हा दोघांना चहा वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपांतून आला, हे लपवण्यात अर्थ नाही. ताईने चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि त्या घरातल्या पोरीचं बोट इतकं हलक्या हाताने टोचलं की ती रडलीच नाही. मी मात्र संध्याकाळपर्यंत धुमसत होतो.

मुक्कामाची सोय शिंद्यांनी सोनाबाईंच्या पडवीत केली. सोनाबाई साठीच्या पुढच्या, मुलगा चिंचवडला कंपनीत, त्याचा आठवडा रात्रपाळीचा. त्यांनी आमचं आडनाव विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही की शिंद्यांनी आधीच सांगितलं होतं, कोण जाणे. नवरात्र होतं, आत घट बसलेले. त्यांनाही दोन दिवस अंगात कणकण होती, म्हणून शिंद्यांनी त्यांचीही काच घेतली, ती बत्तिसावी, आणि गोळ्या हातावर ठेवल्या. काचा वाळायला ताईने पडवीत परातीत मांडल्या आणि मुंग्या-माशा लागू नयेत म्हणून वर टोपली पालथी घातली.

दुसरा दिवस. सकाळी मी तोंड धुऊन आलो तर तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात एकतीस काचा ओळीने मांडलेल्या. लख्ख! राखेने घासलेल्या, दोन पाण्यांनी धुतलेल्या, एकीवरही डाग नाही. सोनाबाई शेवटची काच पदराने पुसत होत्या.

माझं टाळकंच सरकलं. कालचे कप डोक्यात होतेच. "आमच्या हाताचं लागलं म्हणून धुतलंत का?" मी ओरडलो.

बाईंना आधी काही कळेना. मग त्या म्हणाल्या, "आरं बाबा, घरात घट बसल्यात. रगताच्या काचा राच्च्या पडवीत व्हत्या, माझा जीव लागंना. आन् पाव्हण्यास्नी खरकाट्या काचा परत द्यायच्या व्हय? म्हनलं, लेकीचं काम तरी हलकं हुईल."

तेवढ्यात ताई बाहेर आली. तिने काचा बघितल्या. एक उचलून उन्हात धरली, ठेवली, दुसरी धरली. मग कट्ट्यावर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती, मला फार वाईट वाटलं.

शिंदे आले, कपाळाला हात लावून उभे राहिले. पुन्हा सगळ्यांची बोटं टोचून काचा वाळवून तळेगावला नेईपर्यंत दिवस मावळला असता आणि सगळ्यांच्या पोटात कालच गोळ्या गेलेल्या. सोनाबाईंना त्यांनीच समजावून सांगितलं की त्या काचांमध्ये काय होतं. त्या मटकन खाली बसल्या. अंग थरथरत होतं. मला वाटलं, घाबरल्या. ताईने मनगट धरलं.

"आजी, तुम्हाला तर चांगलाच ताप आहे. रात्री गोळी घेतली ना?"

"न्हाई बा. ह्यो शिंदे म्हनला, उपाशी पोटी घिऊ नगा. माजा नऊ दिस उपास. कोनाड्यात ठिवल्यात, दसरा झाला की घीन."

ताई उठून उभी राहिली. अख्ख्या गावात गोळी न घेतलेला एकच ताप होता आणि तो आमच्यासमोर बसला होता.

"मी सगळ्यांचं धुतलं ना," सोनाबाई म्हणाल्या, "मग माजं घे. लागंल तेवढं घे."

सुई-पिचकारी स्टोव्हवर उकळली. ताईने नळीभर रक्त घेतलं, एक काच केली, नळी थर्मासात ठेवली. मग मी तिला बाजूला घेतलं. आता मला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "ताई, गोळी संध्याकाळी देऊ. आधी तळेगावला काच बघून येऊ. जंतू कमी निघाले तर उद्या पुन्हा रक्त घेता येईल, तोवर वाढतील पण. म्हातारीला स्वतःलाच कुठे घाई आहे? ती तर दसऱ्यापर्यंत थांबणार होती."

ताईने थर्मासकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. दिवाळीला महिनाही उरला नव्हता. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण तेच माझ्याही मनात चाललं होतं. मग ती कोनाड्याकडे गेली आणि गोळ्या घेऊन आली.

"आजी, भगर करते. खायची आणि माझ्यासमोर गोळी घ्यायची."

"गोळी उपासाला चालती का?"

आमच्या घरात कधी कुणी नवरात्र धरलं नाही. पण ताईने क्षणभर गंभीरपणे विचार केला. "चालते. तिच्यात धान्य नाही."

सोनाबाईंना ते पटलं. ताईने चुलीवर भगर टाकली, जरा करपलीच, सोनाबाईंनी नावं ठेवत ठेवत खाल्ली आणि गोळी गिळली. ताईने तोंड उघडायला लावून जीभ वर करून बघितलं, तेव्हाच तिचं समाधान झालं.

तिथून तळेगाव दाभाडे तासाभराच्या आत. वाटेत टेकड्या हिरव्यागार, पण खड्डे असे की थर्मास मांडीवर धरून ताई प्रत्येक खड्ड्याला मला शिव्या घालत होती. दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बसली. मी दारात उभा.

"आहेत," ती म्हणाली. "हवे तेच आहेत. मेंदूला चढणारे."

"भरपूर?"

"थोडे."

उद्यापर्यंत थांबलो असतो तर कितीतरी वाढले असते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण ते मेंदूला चढणारे होते. सोनाबाईंनी दसऱ्याची वाट बघितली असती तर? स्टेशनवर दोन बटाटेवडे बांधून दिले आणि मुंबईच्या पॅसेंजरमध्ये तिला बसवलं. गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे बघतच नव्हती, थर्मासाचं झाकण घट्ट आहे का ते बघत होती.

दिवाळीच्या तोंडावर कार्ड आलं. सोनाबाईंचे जंतू बरणीत अकरा दिवस वाढले, प्रयोगशाळेत इतके दिवस कुणाचेच टिकले नव्हते. बाराव्या दिवशी मेले. साहेबांना अकरा दिवस पुरेसे वाटले नाहीत. टेबल गेलं, ताई पुन्हा उंदरांवर आली. दोन वर्षांनी टेबल परत मिळालं, पुढे आयुष्यभर तिने तेच काम केलं. आता हिवतापाची लस आफ्रिकेतल्या मुलांना मिळते. ती जगात दुसरीकडे तयार झाली, ताईचं नाव तिच्यावर नाही. बातमी वाचून ताईने मात्र चाळीत पेढे वाटले.

पण दिवाळीचं ते कार्ड आलं त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच फटफटी घेऊन गावात गेलो. ओरडल्याबद्दल माफी मागायची राहिली होती. सोनाबाई शेतात भुईमूग उपटत होत्या. मी माफी मागितली, ती त्यांनी हाताने उडवून लावली. मग मी सांगितलं, आजी, तुमच्या रक्तातले जंतू मुंबईत अकरा दिवस जगले, मग मेले.

"मेले ते ब्येस झालं की," त्या म्हणाल्या. "तू रडवं त्वांड कशापायी केलंय?" आणि ओल्या शेंगांची पिशवी माझ्या हँडलला अडकवली.

घरी येऊन शेंगा उकडल्या, खाल्ल्या आणि ताईला लांबलचक पत्र लिहायला बसलो. धीर द्यायचा होता. टेबल गेलं तरी अकरा दिवस कमी नाहीत, पुढच्या साथीला मी शंभर काचा जमवून देतो, साहेबाला काय कळतं, असं चार पानं लिहिलं. सोनाबाईंना भेटलो, शेतात काम करत होत्या, हे शेवटी एका ओळीत.

उलट टपाली कार्ड आलं. माझ्या चार पानांना उत्तर नव्हतं. एवढंच लिहिलं होतं: "आजींना पुन्हा ताप आला होता का, ते विचारलं नाहीस. येत्या रविवारी जा आणि विचारून कळव."