त्या रविवारी आमचं घर कुणी दाखवलं?

भुताखेतांवर, साक्षात्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या हिच्या मते माझा फक्त एकाच गोष्टीवर विश्वास आहे, तो म्हणजे माझ्या स्मरणशक्तीवर... आणि नेमका तोच ठेवायला नको होता. तरीही या सदरासाठी लिहायला बसलोय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट १९७५ सालची. माझी सांगलीहून साताऱ्याला बदली झाली. विश्रामबागेतल्या घराला कुलूप लावून आम्ही शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मी, ही, आणि माझे वडील. बाबा पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. आयुष्यभर खाकी पँटीत कालव्यांच्या कडेनं पायी फिरलेला माणूस. साताऱ्यात आल्यावर महिन्याभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जिना इतका अरुंद की मी एकटा उतरलो तरी खांद्याला चुना लागायचा; आजारी माणसाला रोज उतरवणार कुठून? चौदा महिने बाबा खिडकीशी बसून होते. एकदा म्हणाले, "खाली... माती पण दिसत नाही रे."

गल्लीच्या टोकाला तळमजल्याचं, पुढे अंगण असलेलं छोटं घर विकायला होतं. मालक भला माणूस. "पाडव्यापर्यंत थांबतो," म्हणाला. पण त्यासाठी आधी विश्रामबागेतलं घर विकायला हवं होतं. आणि तेव्हा घरांना गिऱ्हाईक कुठलं! दुष्काळातून लोक अजून सावरत होते. यायचे, घर बघायचे, चहा प्यायचे, "कळवतो" म्हणायचे. परसातल्या आडाचं पाणी विचारलं की मी छातीठोकपणे सांगायचो, "बारमाही!" खरं तर वैशाखात त्या आडात कळशी बुडत नसे. अकरा जणांना बारमाही सांगितलं, अकराही जण गेले ते गेलेच. खोटं बोलताना माझा चेहरा कसा होतो, ते मी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

बारावं गिऱ्हाईक म्हणजे जत भागातले एक निवृत्त सुभेदार. मुलांच्या कॉलेजसाठी त्यांना विश्रामबागेत घर हवं होतं. आमची गाठभेट नव्हती, नुसता पत्रव्यवहार. 'रविवारी सकाळी अकरा वाजता घरी हजर राहतो,' असं कार्ड मी टाकलं. टाकण्याआधी बाबांना वाचूनही दाखवलं. आणि मग... विसरलो.

विसरलो, कारण त्याच रविवारी साताऱ्यात आमच्या मॅट्रिकच्या वर्गाचा स्नेहमेळावा होता; बाबांच्या नोकरीमुळे माझी शाळा साताऱ्यातच झाली होती. पंचवीस वर्षांनी सगळे भेटणार, आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे! पंधरा दिवस मी आरशासमोर आभार मानत होतो. रविवारी सकाळी इस्त्रीचा जोधपुरी कोट चढवून निघालो, तर बाबांनी डावा हात वर केला. काहीतरी सांगत होते, शब्द नीट उमटत नव्हते. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. "हो हो, येतो बाबा!" म्हणून मी जिना उतरलो.

अकरा वाजता मी शाळेच्या हॉलमध्ये माईकसमोर उभा होतो. याला साठ साक्षीदार आहेत, आणि त्यातले निम्मे अजून माझ्यावर चिडून आहेत, कारण मी चाळीस मिनिटं बोललो आणि मसालेभात गार झाला.

सोमवारी ऑफिसात तारीख लिहिताना एकदम डोक्यात उजेड पडला. जतहून आलेला माणूस कुलूप बघून परत गेला असणार! घरी सांगायची हिंमत झाली नाही. माफीचं पत्र लिहायला घेतलं, चार वेळा फाडलं. बुधवारी त्यांचंच कार्ड आलं.

'घर पसंत आहे. आपण वेळ पाळली व खरे बोललात, समाधान वाटले. येत्या रविवारी विसार घेऊन येतो.'

मला वाटलं, टोमणा मारलाय. फौजी माणूस, अपमान विसरत नसतो.

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं सांगली गाठली. आधी शेजारी गेलो. शेजारच्या हमीदाभाभी घरी शिलाईकाम करायच्या. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असे.

"भाभी, गेल्या रविवारी कुणी आलं होतं का हो?"

मशीन थांबवून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "या अल्ला! भाई, तुम्हीच तर आलात! किल्ली मागितलीत, अंगण झाडलंत. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणालात."

"मी?"

"मग कोण? आणि ती खाकी पँट कधीपासून घालायला लागलात? गच्चीचा जिना तर दोन-दोन पायऱ्या गाळून चढलात. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, साताऱ्याची हवा मानवली भाईंना."

भाभींना चष्मा नाही. सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवतात. माझ्याकडे खाकी पँट नाही. मला भाऊ नाही. आणि दोन पायऱ्या एकदम मी लग्नाआधीही चढलेलो नाही.

तेवढ्यात सुभेदार आले. उंच, पांढऱ्या मिशा. मला बघून क्षणभर थबकले.

"आवं साहेब, आठ दिवसांत लय अंग धरलंसा की!"

मी कसंनुसं हसलो. पुढं होऊन ते आडाशी गेले. "ह्या आडानंच मला घर घ्यायला लावलं बगा. पंधरा घरं फिरलो. जो तो म्हणतोय, बारमाही पाणी. आमी जतची माणसं, आमाला पाण्याचं खोटं सांगताय व्हय? तुमी एकटं म्हणालासा, 'वैशाखात तळ दिसतो. फसू नका.' खडा टाकून खोली दावलासा. म्हणलं, ह्या माणसाचं घर घ्यायचं."

खरं सांगतो, तिथंच सगळं कबूल करावंसं वाटलं. पण बाबांची खिडकी डोळ्यांसमोर आली. मी नुसती मान हलवली आणि विसार घेतला.

रात्री घरी येऊन हिला सगळं सांगितलं. थट्टा होणार म्हणून तयारीत होतो. ही हसलीच नाही.

"त्या रविवारी बाबा साडेदहाला झोपले," ती म्हणाली. "जेवायला हाका मारल्या, हलवलं, जागेच होईनात. मी घाबरून नाकाशी हात धरून बघितला. श्वास चालू होता. साडेबाराला आपणहून उठले आणि म्हणाले, पाय चेपून दे, फार चालणं झालं. कुठला पाय म्हटलं, तर उजवा दाखवला."

त्या उजव्या पायाला चिमटा काढला तरी बाबांना चौदा महिने कळत नव्हतं.

घर बाबांच्या नावावर. साठेखतावर त्यांचा अंगठा लागणार, म्हणून सुभेदार साताऱ्याला आले. वर खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच उभे राहिले. बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बाबांकडे. मी ओळख करून देणार, इतक्यात बाबाच बोलले. सावकाश, पण स्पष्ट.

"चैत्रात... गाळ काढून घ्या."

"व्हय साहेब," सुभेदार म्हणाले, जणू मघाचंच बोलणं पुढं चाललंय. "त्या दिवशी सांगितलासा की. माणसं ठरवलीत."

मग स्वतःच दचकले. पुढं झाले, वाकून बाबांच्या पायांना हात लावला, आणि मग कागदावर सही केली. निघताना जिन्यात मला म्हणाले, "साहेब, मी काय इचारत न्हाई. तुमीबी सांगू नका. घर चांगल्या हातांनं मिळालं, बास."

पाडव्याच्या आधी आम्ही तळमजल्यावर गेलो. बाबांना खुर्चीत बसवून, भिंतींचा चुना खरवडत चौघांनी कसंबसं खाली आणलं; चौथा मी होतो, आणि धाप सगळ्यात जास्त मलाच लागली. अंगणात त्यांनी चप्पल काढायला लावली. डावा पाय मातीवर टेकवला. मग हातानं उचलून उजवाही टेकवला, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. पुढची तीन वर्षं रोज सकाळी ते त्या मातीवर पाय टेकवून बसायचे. ही तीन वर्षं आम्हाला कुणी दिली, त्याचे उपकार कसे फेडायचे, मला माहीत नाही.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले योगायोग. एका शिकलेल्या मित्रानं सामूहिक भ्रम म्हटलं. असेल. भ्रमानं अंगण झाडलेलं मी तरी ऐकलं नाही.

बाबांना मी एकदाच विचारलं होतं. संध्याकाळची वेळ, अंगणात आम्ही दोघंच.

"बाबा, त्या रविवारी सांगलीला तुम्ही गेला होतात का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी गणित चुकलं की बघायचे, तसं. रागानं नाही.

"तू गेला नव्हतास ना..." ते म्हणाले. "कुणीतरी जायला नको?"