एक तारखेची रांग

आईला सांभाळायला मावशी ठेवल्या तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर त्यांचं पगारपत्रक तयार केलं. अंबडच्या एका कारखान्यात मी पगाराचं काम बघते. माणूस कामाला लागला की त्याचं पत्रक झालं पाहिजे, त्याशिवाय मला चैन पडत नाही. पगार, आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस, भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गावी जायची भरपगारी रजा, सगळं मी संगणकावर नीट मांडलं. आमच्या कारखान्याचे सीए हसायला लागले. "मॅडम, घरच्या मावशींना पेस्लिप?" म्हटलं, "का? घरात केलेलं काम हे काम नसतं?" मग ते जरा गंभीर झाले आणि म्हणाले की मावशींचा पगार कराच्या मर्यादेच्या बराच खाली आहे, त्यातून काही कापायचं नाही. आणि आईसाठी मी जो हा खर्च करतेय, त्याची वजावट माझ्या करात मिळणार नाही. मी फणकाऱ्याने म्हटलं, "विचारलं कोणी?" खरं तर विचारलं मीच होतं.

मावशी हरसूलकडच्या. वयाने माझ्याहून लहान, पण आमच्या कॉलनीत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. घरात आम्ही तिघीच. पहिलं पत्रक त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ताई, ह्याचं काय करू?"

"जपून ठेवा."

"बरं," म्हणाल्या आणि घडी करून पिशवीत टाकलं. मग हळूच म्हणाल्या, "सारा पगार बँकेत नका टाकू. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी बँकेत लय गर्दी. अर्धा तिकडं टाका, अर्धा माझ्या हातात द्या."

रोख द्यायचं तर पावती हवी, पावती म्हटली की रेव्हेन्यू स्टॅम्प हवा. मावशींना ही कटकट वाटली असणार, पण माझ्या स्वभावाला औषध नाही. मी पोस्टातून तिकिटं आणून ठेवली.

आता आईचं सांगते. आई तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. बाबा लवकर गेले, त्यामुळे घर तिच्याच पगारावर चालायचं. तिच्या वेळी पगार खिडकीवर मिळायचा. बायका रांगेत उभ्या राहायच्या, तिकिटावर सही करायच्या आणि खाकी पाकीट घेऊन बाजूला होऊन नोटा मोजायच्या. पुढे तो कारखाना बंद पडला, आई म्हातारी झाली आणि एकेक करून गोष्टी विसरायला लागली. शेवटी ती मलाही विसरली. म्हणजे मुलगी आहे हे पक्कं आठवायचं, पण ती मुलगी चौथीत होती. मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आजी, ही तुमची पोरगी हाय ना!" तर आई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "काहीतरीच काय! माझी मुलगी शाळेत गेलीये."

याचं हसू यायला पाहिजे होतं. पहिल्यांदा आलंही. पण नंतर मी ऑफिसातून घरी येताना जिन्यातच मनाशी म्हणायला लागले, आज ओळखेल. चप्पल काढताना मुद्दाम आवाज करायचा, "आई, आले गं" म्हणायचं. ती मान वळवायची आणि परत खिडकीकडे बघायची. मावशींना मात्र ती सोडत नसे. त्यांच्या हातून जेवायची, त्यांचा पदर धरून बसायची. मला मावशींचा हेवा वाटायचा. ज्यांचा पगार मी देत होते त्यांचा हेवा, म्हणजे बघा.

त्या महिन्याची एक तारीख. सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पावती पुढे सरकवली. मावशींनी तिकीट जिभेला लावून चिकटवलं आणि त्यावर सावकाश सही केली. खिडकीपाशी बसलेली आई हे सगळं बघत होती. ती खुर्चीच्या हाताला धरून उठली, पदर सारखा केला, हळूहळू चालत आली आणि मावशींच्या मागे उभी राहिली. मावशी बाजूला झाल्या तशी पुढे सरकली.

"मॅडम, माझा पगार?"

मी मावशींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आई शांतपणे उभी होती, रांगेत उभी राहायची सवय असलेल्या माणसासारखी. मी आत गेले, एका पाकिटात दहा-दहाच्या थोड्या नोटा घातल्या आणि बाहेर येऊन तिच्यापुढेही एक तिकीट ठेवलं. आईने ते जिभेला लावलं आणि सही केली. गेली दोन वर्षं तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण सही अगदी जशीच्या तशी आली. मग ती बाजूला झाली, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी हसली होती माझ्याकडे बघून! मी खुळ्यासारखी रिक्षात रडत ऑफिसला गेले.

तेव्हापासून मी एक तारखेची वाट बघायला लागले. तसं तर कारखान्यातले सगळेच बघतात. बाकीचे दिवस मी घरात कोणीतरी होते. एक तारखेला मी मॅडम असायचे आणि आई माझ्याशी बोलायची. कधी पॅकिंगच्या सुपरवायझरची तक्रार करायची, कधी विचारायची, "या महिन्यात ओव्हरटाइम धरला का?" मी म्हणायचे, "धरलाय." आवणीला मावशी गावी गेल्या तेव्हा बदलीला त्यांची जाऊ आली होती. तिच्यामागे मात्र आई काही केल्या उभी राहिली नाही. "आमच्या लाइनीतली नाही ही," म्हणाली आणि तो महिना माझा फुकट गेला.

मावशी परत आल्या त्या खेपेला आईने नोटा मोजल्या, त्यातली एक काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मॅडम, एक काम कराल? माझी मुलगी शाळेतून आली की तिला एवढे द्या. लाल रिबिनी घ्यायच्यात तिला. मागच्या पगाराला मी नाही म्हटलं. तोंड एवढंसं करून बसली होती."

मला हे काही आठवत नव्हतं. लाल रिबिनी मागितलेल्या, आईने नाही म्हटलेलं, मी रुसून बसलेली, यातलं एक अक्षरही नाही. सगळं विसरलेल्या आईने तेवढं मात्र धरून ठेवलं होतं. मी नोट घेतली आणि म्हटलं, "देते हं."

ती नोट मी पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. रविवारी मेन रोडला गेले. रिबिनी आता फारसं कोणी ठेवत नाही, तीन दुकानं पालथी घातली तेव्हा एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मिळाल्या. "कितवीला आहे मुलगी?" त्याने विचारलं. माझे केस निम्मे पांढरे झालेत. मी म्हटलं, "चौथीला." नातीसाठी घेतेय असं वाटलं असेल त्याला. आईची नोट काही मला मोडवली नाही, पैसे दुसरे दिले.

पुढची एक तारीख आली. मावशींची सही झाली, आईची झाली. आईने पाकीट उघडण्याआधीच मी रिबिनी टेबलावर ठेवल्या. मनात एकच होतं, की हे बघून तरी तिला कळेल.

आईने रिबिनी उचलल्या, बोटांवरून फिरवल्या. "छान आहेत," म्हणाली. "माझ्या मुलीसाठी?"

"हो."

"तिला लालच हव्या होत्या." मग माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, "तुमचे केस दाट आहेत, मॅडम. तुमची आई घालायची का वेण्या?"

"घालायची."

"घट्ट?"

"खूप घट्ट. डोकं दुखायचं."

आई हसली. "माझीपण कुरकुरते. पण सैल घातल्या की शाळा सुटेपर्यंत सुटतात हो." तिने रिबिनी पाकिटात नीट घातल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गरम होता. "तुम्ही घाईत आहात का? येईलच ती एवढ्यात. थांबा ना, ओळख करून देते."

मावशींनी तोंड फिरवलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आई जाऊन आता वर्ष होईल. मावशी दुसरीकडे कामाला आहेत, अधूनमधून फोन करतात. एक तारखेला अजूनही सकाळी माझं पाऊल टेबलापाशी अडखळतं. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचं. कारखान्यातल्या सगळ्यांचे पगार माझ्यासाठी अडून होते. इतक्या वर्षांत एक तारखेला मी एकदाही उशिरा गेले नव्हते. मी ऑफिसला फोन केला, आज यायला वेळ लागेल म्हणून सांगितलं, आईच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघी खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत माझी वाट पाहत बसलो.