मी न पाहिलेला पाइप

असले अनुभव वाचताना मी आजवर सरळ पान उलटत आलो. चांदूर बाजारला माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे... फवारणी पंप, पाण्याची इंजिनं, असलं काम. भुताखेतांना आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. तरी हे लिहितोय, कारण यातला सगळ्यात न पटणारा भाग मी स्वतःच आहे.

धनराज मोर्शीजवळच्या धरणावर मासेमारी करतो. त्यानं बोटीला लावायची एक जुनी पेट्रोल मोटर घेतली होती – मागच्या फळीला अडकवायची, खाली पंखा असलेली. मागच्या पावसाळ्यात तो ती घेऊन दुकानात आला.

"रफिकभाऊ, हिले काय झालं पाहा बरं. मनात आलं तं एका दोरीत सुरू होते, नाई तं खांदा उखडला तरी नाई."

मी मोटर पाण्याच्या ड्रममध्ये उभी केली, माझी पेट्रोलची टाकी, माझा पाइप जोडला आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात सुरू! तरी प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला. आठ दिवसांनी तो परत. कॉइल तपासली. पुन्हा परत. दुकानात एकदाही ती अडली नाही, आणि धरणावर तिचा भरवसा नाही.

सप्टेंबरमध्ये अमरावतीला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साडेदहाला आत नेलं, पूर्ण भूल दिली. त्याआधी मी मोबाइल स्वतः बंद करून बायकोच्या, शबानाच्या, पर्समध्ये टाकला होता.

चार दिवसांनी घरी आलो. संध्याकाळी धनराज आणि त्याची बायको मंदा मासे घेऊन आले. मला पलंगावर पाहून दोघं दारातच थांबले.

"भाऊ, तुमी कधीपासून आजारी?" मंदानं विचारलं.

शबानानं ऑपरेशनचा दिवस, वेळ सांगितली. धनराज खुर्चीत बसला. मग हळूहळू सांगू लागला.

त्याच दिवशी, त्याच सकाळी दोघं जाळी काढायला गेले होते. धरणाचे दरवाजे उघडलेले. वारा सुटला आणि बोट भिंतीकडे ओढली जाऊ लागली. मोटर सुरू होईना. एक वल्हं होतं, ते पुरेना. मंदा म्हणाली, रफिकभाऊंना लावा. त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आन् तुमी उचलला," धनराज म्हणाला. "म्हणाले, मोटरीले हात लावू नको, पाइप पाह्य. इंजिनात घुसते त्या टोकात रबराची कडी आहे, ते चिरली. तिथून हवा ओढून राहिली. मंदाले पाइपाचा फुगा दाबत राह्याले सांग, थांबू नको म्हण तिले."

"मग?"

"दुसऱ्या दोरीत लागली."

मंदानं उजवा तळहात पुढे केला. काठ येईपर्यंत ती तो फुगा – टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा, पाइपातला रबरी गोळा – दाबत होती. फोड अजून वाळले नव्हते.

आता खरं सांगतो. तो पाइप मी कधी पाहिलाच नव्हता. धनराज दर वेळी नुसती मोटर आणायचा आणि मी माझा पाइप जोडून तपासायचो. दोष पाइपात असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यानं पिशवीतून तो काढून दिला. टोकातली कडी एका बाजूनं चिरलेली होती, अगदी केसाएवढी.

धनराजच्या मोबाइलवर माझं नाव, अकरा पस्तीस, सहा मिनिटं. माझ्या मोबाइलवर काहीच नाही. शबानाची पर्स तिच्या मांडीवरून हलली नव्हती.

"तुलेच सापडलं असन," मी त्याला म्हणालो. "घाबरला होता तू."

"मले सापडलं असतं तं तीनदा तुमच्याकडं कायले आलो असतो?"

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, भूल दिलेला माणूस बडबडतो का. ते हसले. म्हणाले, "तुमच्या घशात नळी होती. बोलणार कसे?"

कडी बदलली. तेव्हापासून मोटर एकदाही अडलेली नाही.

मंदाला एकदा एकटीला विचारलं – बाई, आवाज माझाच होता का, नीट आठवून सांग.

"तुमचाच होता, भाऊ. फक्त शेवटी घाई केली तुमी."

"काय म्हणालो?"

"म्हणाले, मले आता उठवून राहिले, ठेवतो."

धनराज रस्त्यात दिसला की अजून गाडी थांबवून हात जोडतो. मीही जोडतो. पण त्याचा तो नमस्कार नेमका कुणाला जातो, हे मला आजही सांगता येत नाही.