हिरडीवरची निळी रेघ

तार आली तेव्हा मी पाचवीला भागाकार शिकवत होतो. शिपायानं कागद हातात दिला. मी वाचला, खिशात घातला आणि फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं. उत्तर बरोबर आलं याचं मला अजून नवल वाटतं… नामदेवदादा, माझा थोरला भाऊ, नागपूरच्या इस्पितळात वारला होता. त्याला आता दीड महिना झाला.

दादा आदिलाबादेतल्या एका लहान छापखान्यात वीस वर्षं खिळे जुळवायचा. शिशाचे खिळे, एकेका अक्षराचा एकेक. दोन्ही हात गुंतले की चार-दोन खिळे ओठांत धरायचा आणि तसाच आमच्याशी बोलायचा. दादाच्या तोंडी साक्षात सरस्वती, म्हणून आम्ही चिडवायचो. मग राज्यांची वाटणी झाली. किनवट तिकडं मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडं तेलुगू मुलखात राहिलो. मराठी छपाई आटली आणि मालकानं मराठी खिळे भंगारात काढायला सांगितले. अक्षरं भंगारवाल्याच्या तराजूत टाकणं दादाच्या जिवावर आलं. त्यानं ती पोत्यांत भरून घरी आणली. एकदा मनात घेतलं की तो ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकायचा नाही.

अंगणातल्या चुलीवर लोखंडी कढई चढायची. बराच वेळ काहीच होत नसे. मग एखादा ‘ळ’ त्या चंदेरी रसात क्षणभर ताठ उभा राही आणि मुकाट्यानं खाली बसे. कुणीतरी बुडतंय आणि आपण नुसते पाहतोय, असं मला वाटायचं. भंगारापेक्षा पोरांच्या हाती बरी, म्हणत तो रस मातीच्या साच्यात ओतून दादा पोळ्याचे बैल करी. गल्लीतल्या पोरांना त्यानं एकेक बैल दिला. पहिला माझ्या सहा वर्षांच्या कमलला. ती त्याची शिंगं चघळत बसायची.

धुरावर त्याचं औषध ठरलेलं होतं, छापखान्यातल्या जुन्या लोकांनी शिकवलेलं. “गूळ खाल्ला का शिसं पोटात राहत नाही, बाळू,” म्हणायचा. काळ्या बोटांनी खडा मोडायचा, अर्धा आपण खायचा, अर्धा कमलला भरवायचा. मी शिकलेला मास्तर, मीही शेजारी बसून खात होतो.

उन्हाळ्यात त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. मग उजवं मनगट गेलं. हात समोर धरला की पंजा खाली लोंबायचा. एका दुपारी ओसरीवर तो डाव्या हातानं हवेतून काहीतरी वेचताना दिसला.

“दादा, काय करून राह्यला?”

“जुळवून राह्यलो. बोलू नको, ओळ मोडते.”

समोर काहीच नव्हतं. पण बोटं अडखळत नव्हती. छापखान्यातल्या पेटीत जो खिळा ज्या खणात असे, त्याच जागेवरून ती उचलत होती… मी आत निघून गेलो. मला त्याची भीती वाटली, माझ्या सख्ख्या भावाची.

गल्लीनं निदान केलं, भानामती. “अक्षरं जाळली, गुरुजी. थे सोडतीन का?” शेजारच्या गंगाबाई म्हणाल्या. आणि मी लिंबं, अंगारे यांत महिना घालवला. हे मला लिहायलाच हवं.

नागपूरच्या डॉक्टरांनी दादाचा ओठ वर उचलला. हिरडीच्या कडेनं निळी-काळी रेघ होती, टाकानं ओढल्यासारखी.

“भानामती नाही, शिसं आहे,” माझं सगळं ऐकून ते म्हणाले. “धुरातून गेलं, हातावरून गेलं. गुळानं ते उतरत नाही. तुम्ही गुळाबरोबर तेच खात होता. घरात लहान मूल आहे?”

मी आहे म्हणालो. रोज तिच्या हिरड्या पाहा, रेघ दिसली तर लगेच घेऊन या, असं त्यांनी बजावलं.

दादा गेल्यावर मी अंगण खणून काढलं, घर धुतलं, घरोघर जाऊन बैल परत मागितले. गंगाबाईंनी दिला नाही. “नामदेवची याद हाय, गुरुजी. कशी देऊ?” त्यांचा नातू अजून त्याच्याशी खेळतो. दादाच्या हातचा बैल ज्यांच्याकडे असेल, त्यांच्या मी पाया पडतो, तो मुलांच्या हाती देऊ नका. मला दादाचा राग येतो. पण त्यानं त्या मुलांवर फार माया केली हो…

रोज सकाळी कमलला उन्हात उभी करून मी तिचा ओठ उचलतो. “हाय का, बाबा?” ती विचारते. मी नाही म्हणतो, आणि इतके दिवस ते खरं होतं. आजही नाही म्हणालो. रेघ आली आहे, खालच्या दोन दातांशी, केसाएवढी. दुपारच्या मोटारीनं मी तिला नागपूरला नेतो आहे.